वीजजोडणी आणि वीजबिल: कुठे किती भरायचं, कुठे अजिबात नाही

सुरुवातीला एक गोष्ट तपासा: तुमच्या पत्त्यावर वीज कोण पुरवतं? मुंबई शहरात बेस्ट. उपनगरांत अदानी किंवा टाटा, आणि त्यातल्या बऱ्याच भागांत दोघांपैकी एक निवडायची मुभा. मुलुंड आणि भांडुप मात्र उपनगरात असूनही महावितरणकडे आहेत. भिवंडीत टोरंट ही कंपनी फ्रँचायझी म्हणून काम पाहते, पण दर महावितरणचेच लागतात. उरलेल्या महाराष्ट्रात महावितरण. गोव्यात सरकारचं वीज खातं. या लेखातले आकडे महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आहेत. कायद्याचे मुद्दे सगळ्यांना लागू पडतात.

नवी जोडणी

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर करा. ते जमत नसेल तर तुमच्या भागाच्या उपविभागीय कार्यालयात जा. गावातल्या लाइनमनच्या हाती कागद आणि पैसे सोपवून निश्चिंत होऊ नका. अर्ज नोंदवला की क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला नसेल तर तुमचा अर्ज झालेलाच नाही.

कागदपत्रं मुळात तीन. एक, ओळखीचा पुरावा: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही. दोन, जागेचा पुरावा: घरपट्टीची पावती, खरेदीखत, गावात ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र. तीन, घरातल्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा. सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. वायरिंग करणारा वायरमन उत्तम कारागीर असेलही, पण त्याच्याकडे परवाना नसेल तर रिपोर्ट दुसऱ्याच्या शिक्क्यावर येतो आणि त्या शिक्क्याचे पैसे वेगळे मागितले जातात. काम देतानाच विचारा: परवाना आहे का, आणि टेस्ट रिपोर्ट याच पैशांत मिळणार का? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

टेस्ट रिपोर्ट केवळ उपचार म्हणून घेऊ नका. अर्थिंग केलेलं आहे का आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आहे का, हे रिपोर्टवर सही होण्याआधी स्वतः पाहा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून करंट लागतो तेव्हा माणूस याच डबीमुळे वाचतो. मीटरपर्यंतची वायर कंपनीची, मीटरच्या पुढचं सगळं तुमचं. पुढे काही बिघडलं तर कंपनी हात लावणार नाही.

अर्ज मंजूर झाला की कोटेशन येतं. त्यात साधारण तीन रकमा असतात: अर्जाचं शुल्क, सेवा जोडणी आकार आणि सुरक्षा ठेव. जोडणी आकार किती असावा हे कंपनी ठरवत नाही. महाराष्ट्र राज्य वीज नियामक आयोग दरपत्रक मंजूर करतो आणि ते महावितरणच्या संकेतस्थळावर असतं. कोटेशनशी पडताळून बघा. कोटेशनवर न लिहिलेला एकही रुपया देऊ नका. ‘खांबावर चढायचे’, ‘मीटर लवकर काढून आणायचे’, ‘वायर कमी पडतेय’ असं सांगून मागितलेले पैसे या तिन्ही रकमांत कुठेच बसत नाहीत. वायर खरोखरच तुम्हाला आणायची असेल तर ते कोटेशनवर यायला हवं, आणि मग जोडणी आकारही त्याप्रमाणे कमी हवा. सुरक्षा ठेवीची पावती घराच्या कागदांबरोबर ठेवा. जोडणी कायमची बंद कराल तेव्हा ती परत मागता येते.

वेळ किती लागतो? केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस, डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस. दिवस मोजायचे ते अर्ज सर्व कागदांसह पूर्ण झाल्यापासून. नवे खांब टाकावे लागणार असतील किंवा डीपीची क्षमता वाढवायची असेल तर मुदत वाढते. ‘मीटर शिल्लक नाहीत’ हे उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी अर्ज दिल्यावरच हालचाल सुरू होते.

घर खांबापासून लांब आहे आणि ‘लाइन तुम्हीच स्वखर्चाने ओढून घ्या’ असं सांगितलं जातंय? होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा खर्च पुढच्या बिलांतून परत मिळणार की नाही? दोन्ही प्रकारच्या योजना आहेत. ज्यात परतावा नाही त्या योजनेच्या फॉर्मवर न वाचता सही केली तर पुढे दाद मागणं फार कठीण होतं.

‘पुढे लागेल’ म्हणून थ्री फेज घेऊन ठेवायचा मोह आवरा. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता, थ्री फेजचा ४२४. फरक २९६ रुपये. शुल्क धरून वर्षाला चार हजारांहून जास्त, एकही जादा युनिट न जाळता. दोन एसी, गीझर आणि पाण्याचा पंप एकत्र चालणार असतील तरच थ्री फेज घ्या.

बिल वाचायचं कसं

बिल हातात आलं की रक्कम नंतर बघा. आधी चार गोष्टी: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, बिल किती महिन्यांचं आहे, आणि मीटरची स्थिती. मग मीटरसमोर उभे राहून आजचं रीडिंग बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा जास्त आहे ना, ते पाहा. कमी असेल तर रीडिंग अंदाजे टाकलेलं आहे.

आता रकमा. स्थिर आकार घर बंद असलं तरी लागतो. वीज आकार तुम्ही वापरलेल्या युनिटचा. कोराडी-चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, बाहेरून विकत घेतलेली वीज आणि ती उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून आणण्याचा खर्च यात येतो. वहन आकार तुमच्या भागातल्या उपकेंद्रापासून मीटरपर्यंतच्या तारा-खांबांचा. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलू शकतो. वीजखरेदीचा खर्च अंदाजापेक्षा वाढला की तो इथे येतो, कमी झाला तर वजाही होतो. सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ते राज्य सरकारकडे जातं.

खरा फटका बसतो टप्प्यांच्या दरात. टप्पे आहेत १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. २०२४-२५ मध्ये वीज आकाराचे दर होते अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये, वहन आकार युनिटला १.१७. त्यानंतर दर बदलले आहेत. चालू दर तुमच्या बिलावर छापलेले असतात. हिशेबाची रीत तीच आहे, म्हणून या आकड्यांवर एकदा करून दाखवतो.

महिन्याला १०० युनिट: वीज आकार ४७१, वहन ११७, स्थिर १२८. बेरीज ७१६. त्यावर १६ टक्के शुल्क. एकूण ८३०.५६ रुपये.

महिन्याला १५० युनिट: पहिल्या १०० चे ४७१, पुढच्या ५० चे ५१४.५०, वहन १७५.५०, स्थिर १२८. बेरीज १,२८९. शुल्कासह १,४९५.२४ रुपये. इंधन समायोजन यात धरलेलं नाही.

म्हणजे पहिल्या शंभर युनिटांना ८३१ आणि नंतरच्या पन्नासांना ६६५. शंभराच्या आतलं युनिट शुल्कासह ६.८२ ला पडतं, बाहेरचं १३.२९ ला. बचत करायची तर सरासरी दर बघू नका, शेवटच्या युनिटाचा दर बघा. दोन किलोवॅटचा गीझर रोज पंधरा मिनिटं कमी चालला तर महिन्याला १५ युनिट वाचतात, आणि ते वाचतात महाग टप्प्यातले. वर्षाकाठी सुमारे २,४०० रुपये. टप्पा ओलांडला की सगळंच बिल महाग दराने लागतं, हा समज मात्र चुकीचा आहे. फक्त वरची युनिटं महाग होतात.

आता या टप्प्यांतली सगळ्यात महागडी चूक. एका महिन्यात रीडिंग घेतलं गेलं नाही आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचं मिळून २०० युनिट आलं. तुमचा वापर महिन्याला शंभरच आहे, म्हणून टप्पेही दुप्पट धरले गेले पाहिजेत: पहिली २०० युनिटं स्वस्त दराने. तसं केलं तर दोन महिन्यांचे १,६६१ रुपये होतात. तेच २०० युनिट एका महिन्याच्या टप्प्यांनी मोजले तर, स्थिर आकार दोन महिन्यांचाच धरून, २,३०८. फरक ६४७ रुपयांचा, आणि वापर तोच. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये एकदम आलेल्या बिलांवरून राज्यभर गोंधळ उडाला होता, तेव्हा तपासण्याची मुख्य गोष्ट हीच होती. बिलावर महिन्यांची संख्या पाहा, त्यानुसार टप्पे वाढवलेत का ते पाहा. वाढवले नसतील तर ‘स्लॅब बेनिफिट द्या’ असा अर्ज करा. कार्यालयात हेच शब्द चालतात.

रीडिंगच्या जागी ‘लॉक’, ‘आरएनए’, ‘फॉल्टी’ असं दिसलं तर बिल सरासरीचं आहे. एखाद्या महिन्यापुरतं चालेल. दुसऱ्या महिन्यातही तेच आलं तर थांबू नका. मीटरचा फोटो काढा, अ‍ॅपवर रीडिंग पाठवा, लेखी तक्रार करा. कमी सरासरीचं बिल येतंय म्हणून गप्प राहणाऱ्यांना पुढे साठलेला फरक एकरकमी भरावा लागतो. मीटर वेगाने पळतोय असं वाटत असेल तर तपासणीचं शुल्क भरून चाचणी मागा. त्याआधी एक सोपी खात्री करा: घरातला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा दिवा तरीही लुकलुकत राहिला तर मीटरमध्ये दोष आहे किंवा मीटरच्या पुढे कोणीतरी तुमच्या वायरीवरून वीज घेतंय. मीटर सदोष ठरला तर दुरुस्ती साधारण तक्रारीच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची होते. म्हणून शंका आली त्याच महिन्यात तक्रार करा. वर्षभर सोसून केलेल्या तक्रारीला तीनच महिने मिळतील.

मीटर बदलायला कोणी आलं तर दोन कामं तिथल्या तिथे: जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो. पुढच्या बिलात हे दोन्ही आकडे जुळायला हवेत. जुना मीटर एकदा गेला की तुमच्याकडे दुसरा पुरावा नसतो. स्मार्ट मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत. मागितले तर देऊ नका. तो बसला असेल तर फायदा मात्र घ्या. जुलै २०२५ पासून घरगुती स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री या वेळेत उरका.

भरताना वाचणारे आणि जाणारे पैसे

बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर कर-शुल्क वगळून एक टक्का सवलत. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. छापील बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर बिलामागे १० रुपये. मुदत चुकली तर १.२५ टक्के विलंब आकार, आणि थकबाकी वाढली की वर व्याज. यूपीआय आणि नेटबँकिंगला जादा आकार नाही. क्रेडिट कार्डाने भरताना मात्र शेवटची रक्कम नीट बघा, तिथे आकार लागतो.

एप्रिल-मेच्या सुमारास नेहमीच्या बिलाखेरीज दुसरं एक बिल येतं, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. लोक ते चुकीचं समजून फेकून देतात. ठेव तुमच्या दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवावी लागते आणि वापर वाढला की फरक मागितला जातो. हप्त्यांत भरायची सोय असते. या ठेवीवर दरवर्षी व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. ते वजा झालं का, हे मात्र तुम्हीच पाहायचं.

‘बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश आला तर फोन करू नका. कोणतंही अ‍ॅप उतरवू नका, दहा रुपयेसुद्धा पाठवू नका. महावितरणचे संदेश खासगी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, प्रेषक म्हणून कंपनीचं नाव दिसतं. विजेविषयी काहीही विचारायचं असेल तर १९१२. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, पहिल्या तासाभरात.

घरातच दुकान किंवा क्लास असेल तर

घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं: त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी, आणि कधीपासून वापर चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. ही भीती दाखवून पैसे उकळले जातात, म्हणून नियम नीट माहीत करून घ्या. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांनी घरातून केलेल्या कामालाही. शिलाई मशीन, किराणा मालाचं छोटं दुकान, शिकवण्या बहुतेक या मर्यादेत बसतात. कोणी तपासणीला आलं तर आधी ओळखपत्र मागा, पंचनाम्याची प्रत घ्या, रोख काहीही देऊ नका.

फ्लॅट विकत घेताना

आधीच्या मालकाची विजेची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते; सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तसा निकाल दिला. म्हणून व्यवहाराआधी बारा आकडी ग्राहक क्रमांक घ्या, संकेतस्थळावर थकबाकी पाहा, ‘शून्य बाकी’चा पुरावा खरेदीखताच्या कागदांत जोडा. बंद पडलेला जुना मीटर असेल तर त्याचीही चौकशी करा. ताबा मिळताच नाव बदलून घ्या. जुन्या मालकाच्या नावावर बिल चालू ठेवलं तर ठेव त्याची राहते, आणि सौर योजनेचं अनुदान मागायची वेळ आली की नाव जुळत नाही.

छतावरचं सौर

पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. वर हिशेब केला त्या १५० युनिटांच्या घराला ३ किलोवॅटची गरज नाही. दीड-दोन पुरे. विक्रेता मोठंच सुचवेल. तुमची मागची बारा बिलं घेऊन बसा.

अनुदान तुमच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नव्हे. काही जण ते वजा करून किंमत सांगतात. पूर्ण किंमत आणि अनुदान वेगवेगळं लिहून घ्या. कोटेशनमध्ये हमखास न लिहिलेल्या गोष्टी: पत्र्याच्या किंवा उंच सांगाड्याचा खर्च, अर्थिंग आणि वीजरोधक, स्लॅबला भोकं पाडल्यावरचं वॉटरप्रूफिंग, पाच वर्षांची देखभाल. पॅनेल देशी सेलचे नसतील तर अनुदान मिळत नाही. बिलावर तसं लिहायला लावा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज राहिलेली नाही, त्यामुळे ‘मंजुरीसाठी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर कारण विचारा. आणि बिल शून्य होईल असं धरू नका, स्थिर आकार राहतोच.

वाद झाला तर

बिल चुकीचं आहे म्हणून भरायचंच नाही, हा मार्ग सगळ्यात धोक्याचा. वीज तोडण्यापूर्वी कंपनीने लेखी नोटीस देऊन पूर्ण १५ दिवस द्यायला हवेत. पण त्या मुदतीत तुम्ही काही केलं नाही तर वीज जाते आणि पुन्हा जोडायचे पैसे वेगळे पडतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्येच वाट आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती ‘निषेधासह’ असं लिहून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. दोन वर्षांहून जुनी बाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नाही, ती अचानक काढून वीज तोडता येत नाही, हेही अर्जात लिहा.

उपविभागाकडून दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. वकील लागत नाही. सोबत बिलं, फोटो, शिक्क्याचे अर्ज. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वीजचोरीची किंवा कलम १२६ ची प्रकरणं मात्र मंच ऐकत नाही. कलम १२६ च्या अंतिम आदेशावर ३० दिवसांत वेगळ्या अपिली अधिकाऱ्याकडे जावं लागतं, आणि तिथे आकारलेल्या रकमेच्या निम्मी आधी भरावी लागते.